फ्रीव्हीलमधले पंचामृत

तिसगाव,
श्रावण वद्य तृतीया

सौ. पुष्पावतीस वैजनाथचा आशीर्वाद. आशीर्वाद नको असेल तर नमस्कार समजावा. परंतु दोहोंपैकी एक ठेवून घ्यावे, दोन्ही परत पाठवू नयेत.

फोनवर तू ‘बरं आहे’ एवढे म्हणतेस आणि फोन पार्थच्या हाती देतेस. नातवाचे बोलणे गोड लागते. पण मी विचारतो तुझ्या पायाविषयी आणि तो सांगतो क्रिकेटविषयी. म्हणून हे पत्र. पत्र नातवाच्या हाती देऊन स्वयंपाकघरात निघून जाता येत नाही.

लिहिण्यास कारण असे की तुझी सायकल मी जुन्या गोठ्यातून बाहेर काढली आहे.

तू निवृत्त झालीस तेव्हापासून ती तिथे मोडक्या गव्हाणीआड उभी होती. दोन्ही चाकांतला प्राण गेलेला, साखळी गंजून एकसंध काठीसारखी झालेली, आणि सीटखाली उंदरांनी संसार थाटलेला. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी विलायतेला परत जाताना ती तुझ्या स्वाधीन केली होती; आज त्यांना तिची ओळख पटली नसती. तथापि हाडे शाबूत आहेत. सांगाड्यावर बोटाने वाजवून पाहिले, नाद स्वच्छ आला.

ती मी दुरुस्त करवून घेणार आहे. हेतू लपवीत नाही. अमृत सांगतो की डॉक्टरांनी मांडीच्या हाडातली सळई उत्तम बसल्याचे सांगितले, चालण्याची मोकळीक दिली, आणि तरीही आई गॅलरीतल्या खुर्चीवरून उठत नाही. ज्या नर्सबाईच्या हातांवर या पंचक्रोशीतली निम्मी माणसे जन्मली, ती पार्किंगमधल्या गाड्या पाहत बसते, हे माझ्याने ऐकवत नाही. माझी इच्छा अशी की दसऱ्याच्या आधी तू घरी यावेस आणि आपल्या सायकलला हात लावावास. चालव असे म्हणत नाही. हात लाव.

मला सायकलीतले काय कळते, असे तू म्हणशील. ते खरे आहे. हायस्कुलात संस्कृत शिकवायला मी पायी गेलो आणि अन्यत्र सर्वत्र तुझ्यामागे कॅरियरवर बसून गेलो. तू मढीला लस टोचायला निघालीस की मी पोथी मांडीवर घेऊन मागे बसत असे. गाव हसले. मी त्यांना सांगत असे की लक्ष्मी-नारायण म्हणताना लक्ष्मी पुढे असते, तेव्हा या क्रमाला शास्त्राचा आधार आहे. त्यावर तू पुढून म्हणायचीस, “शास्त्र राहू द्या, पाय वर घ्या, चढ आला.”

फाल्गुनात तुला पुण्याला घेऊन अमृतची गाडी दारातून निघताना तू खिडकीतून काही म्हणालीस. इंजिनाच्या आवाजात मला ते नीट ऐकू आले नाही. संध्याकाळी मारुतीच्या देवळात पोथी वाचायची होती, म्हणून मी वेशीपर्यंत पोचवायला आलो नाही.

प्रकृतीस जपावे.

वैजनाथ


तिसगाव,
भाद्रपद शुद्ध द्वादशी

सौ. पुष्पावतीस,

उत्तर नाही. ठीक आहे, पुढचे ऐक.

सायकल गहिनीनाथच्या दुकानात आहे. नागापूरच्या कारखान्यात काही वर्षे काढून तो परत आला आणि आता स्टँडजवळ मोटारसायकली दुरुस्त करतो, हे तू जाणतेसच. जन्मला तेव्हा तो रडेना, म्हणून तू त्याला उलटा धरून चापट्या मारल्या होत्यास. ती कसर तो अजून भरून काढतो आहे; दिवसभर त्याचे तोंड बंद नसते. “हिला काय लागतंय, बाबा? दोन दिसांत घोडी करतो बघा,” असे म्हणाला. त्या दोन दिवसांचा आता पंधरवडा उलटला.

प्रथम त्याने चाकांचा आऊट काढला, म्हणजे तारा कमी-अधिक ताणून डुलणारे चाक एका रेषेत आणले. हे काम त्याला खरोखर येते. चाकाकडे तो ज्या एकाग्रतेने पाहतो तिला मी ध्यान म्हणायला तयार आहे. पण सळईचे ब्रेक त्याने असे जोडले की पुढचा दाबावा तर मागचा लागे. मी ते दाखवून दिले. तो म्हणाला, विलायतेत तसंच असतं. तीन दिवसांनी कुणाला न सांगता त्याने ते सुलटे केले.

रंगावरून आमचे वाजले. त्याला चमकता लाल द्यायचा होता. पॉलिश कागदाने घासताना वरचा काळा गेला, त्याखाली आपण एकदा पोळ्याला उरलेला निळा दिला होता तो गेला, आणि अगदी तळाशी कोवळ्या कडुलिंबासारखा हिरवा निघाला. तो पाहिल्यावर मी त्याला सांगितले की याहून दुसरा रंग दिलास तर मी दुकानासमोर बसून पारायण करीन. तो घाबरला. हिरवाच दिला.

सीट तेवढी सुटी करून घरी आणली आहे; ती चामड्याची, हे माझ्यापुढचे धर्मसंकट. मी रोज पहाटे स्नानापूर्वी तिला एरंडेल चोळतो आणि मग आंघोळ करून पूजेला बसतो; असा मेळ घातला आहे. गहिनीनाथ फोमची सीट टाकू म्हणत होता. ज्योती तेव्हा तिथे होती. तू आशा सेविकेचे काम शिकवलेस ती ज्योती. आता ती स्कूटीवरून फिरते, परंतु शाळकरी वयात सायकल शिकली ती हीच. ती त्याला म्हणाली, “बाईंच्या बसण्यानं त्या सीटला आकार आलाय, गहिनीभाऊ. तुमच्या फोमला तो यायला तुमाला म्हातारं व्हावं लागंल.” तो विषय तिथे संपला.

चाचणीचा प्रश्न होता. मला चालवता येत नाही, आणि गहिनीनाथ बसला तर त्याचे गुडघे हँडलला लागतात. ज्योतीने ते पत्करले आहे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला ती सायकल चालवील, मी मागे बसेन आणि आम्ही मढीच्या रस्त्याने शीव ओलांडून येऊ. अर्थात त्यापूर्वी तू आलीस तर ज्योतीने बाजूला व्हावे, असे ठरले आहे.

अमृत म्हणतो, आई पत्र वाचते, घडी घालते, पुन्हा उघडते, आणि काही बोलत नाही. काही बोलावे.

वैजनाथ


तिसगाव,
आश्विन शुद्ध एकादशी

सौ. पुष्पावतीस,

काल दसरा झाला. तू आली नाहीस. घडले ते यथाक्रम लिहितो, कारण गहिनीनाथ तुला फोन करून सांगणार आहे आणि त्याच्या सांगण्यात पदरची भर असेल.

खंडेनवमीला गावात जो तो आपल्या हत्यारांची पूजा करतो. ट्रॅक्टर, विळे, खुरपी, ज्योतीचे रक्तदाब मोजायचे यंत्र, सर्वांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. त्याच सकाळी गहिनीनाथने तुझी सायकल अंगणात आणून उभी केली. हिरवा रंग, उजळलेली घंटी, आणि पदर चाकात जाऊ नये म्हणून मागे लावतात ती जाळी ज्योतीने नव्या दोऱ्याने विणलेली. पाहून माझे मन भरून आले आणि मन भरले की माणूस विचार करू लागतो. अनर्थाचे मूळ तेच.

मी विचार असा केला. हत्याराला हळदकुंकू पुरेसे आहे. परंतु हिने आपल्याला आयुष्यभर वाहून नेले. ही वाहन आहे. महादेवापुढच्या नंदीला आपण नुसते कुंकू लावून सोडत नाही, त्यालाही स्नान घालतो. तेव्हा हिला यथासांग पंचामृताचे स्नान घातले पाहिजे. दूध, दही, तूप, मध आणि साखर, हँडलपासून आरंभ करून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत घातले. मंत्र म्हणताना माझा हात नेहमीच सैल राहतो. वरून शुद्ध पाण्याचे स्नान मात्र मी आखडते घेतले, कारण पाण्याने गंजेल असे गहिनीनाथने बजावून ठेवले होते.

काल तिसऱ्या प्रहरी आम्ही निघालो. ज्योती पुढे, मी मागे, आणि सीमोल्लंघनाला निघालेले सारे गाव बरोबर. भिमाजी आपला कांद्याचा टेम्पो पुसत होता. तो म्हणाला, “बाई पुण्याला गेल्या तरी बाबांचं मागं बसायचं काय सुटंना.” मी त्याला लक्ष्मी-नारायणाचे सांगणार होतो, तेवढ्यात उतार लागला आणि सायकल वाऱ्यासारखी सुटली. ब्रेक उत्तम. चाके निःशब्द. मी मनात तुला पत्र लिहायलाही घेतले.

शिवेच्या अलीकडे तो चढ येतो, तुला ठाऊक आहे. ज्योतीने पायडल मारले. पायडल फिरले, साखळी फिरली, आणि चाकाला त्याचा पत्ताच नाही. ती जितका जोर लावी तितके पायडल हलके फिरे. मग आम्ही हळूहळू मागे येऊ लागलो. मी दोन्ही पाय टेकले म्हणून निभावले. त्याच वेळी माझ्या ध्यानात आले की कॅरियरवरून मुंग्यांची एक रांग माझ्या धोतरात प्रवेश करीत आहे.

गहिनीनाथने तिथेच चाक काढले. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये लहान खिट्ट्या असतात, त्यांना हे लोक कुत्री म्हणतात. पायडल मारले की ती कुत्री दात्यांना धरतात आणि चाक ओढले जाते. ती सर्व मधासाखरेत चिकटून बसली होती. त्याने बोट लावून चव पाहिली आणि मला विचारले, “बाबा, ह्यात तूप बी हाय व्हय?” मी होय म्हणालो. “मग केळं तेवढं कशाला ठेवलं?”

सगळे लोक हसले. ज्योती रस्त्याच्या कडेला खाली बसून हसली. शीव हाकेच्या अंतरावर होती. लोक पुढे जाऊन आपट्याची पाने लुटून आले. मी सायकलपाशी थांबलो. जन्मात पहिल्यांदाच दसऱ्याला मी शिवेच्या आत राहिलो. ही शिक्षा समजावी की आज्ञा, हे मला ठरवता आलेले नाही.

ज्योतीने आणून दिलेले एक पान सोबत ठेवले आहे. सोने समजून घ्यावे.

वैजनाथ


वारजे, पुणे
११ ऑक्टोबर

अहो,

पत्र मिळालं. पान प्रवासात चुरलंय, पण ठेवलंय.

मी एवढी हसले की मांडीतली सळई दुखायला लागली. सूनबाई अश्विनी धावत आली. तिला वाटलं, आई रडताहेत. मग तिलाही वाचून दाखवलं, ती पण हसायला लागली, आणि पार्थ विचारायला लागला, आजी, कुत्री सायकलमध्ये कशी बसतात. जन्मभर बाळंतिणींच्या घरी जाऊन ओरडत आले, लेकराला मध चाटवू नका. आणि माझ्याच घरात सायकलीला मध चाटवला.

आता नीट ऐका. पाण्यानं धुऊ नका. गहिन्याला म्हणावं, फ्रीव्हील सुटं करून रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेव, ब्रशनं साफ कर, वाळव आणि मग शिलाई मशीनचं पातळ तेल सोड. ग्रीस भरायचं नाही, ग्रीसनं पण कुत्री चिकटतात. तो भरणार. तुम्ही उभे राहा.

मला वाटत होतं उत्तर लिहूच नये. पण आता सुरुवात केलीच आहे तर लिहिते.

फाल्गुनात मी काय म्हणाले ते तुम्हाला ऐकू आलं होतं. गाडी तेव्हा चालूच झाली नव्हती, अमृत चावी शोधत होता. मी म्हणाले, तुम्हीपण चला. तुम्ही देवळाच्या कळसाकडं पाहिलंत.

सायकल नीट करताय ती मी यावं म्हणून. मी पायाचं कारण सगळ्यांना सांगते, तुम्हाला खरं सांगते. पाय बरा आहे. पण अंगणात पडले त्या दिवशी तुम्हाला मला उचलता आलं नाही. तुम्ही हाका मारल्यात आणि चौघं आली, आणि त्यांतली दोघं माझ्याच हातावर जन्मलेली. त्यांनी मला पोत्यासारखं उचललं. बिचाऱ्यांनी सांभाळून उचललं, त्यांचं काही चुकलं नाही. पण ज्यांना मी धरलं त्यांनी मला धरायचं, हे मला जमत नाही. परत पडले तर परत तेच. म्हणून मी तिसगावला येत नाही.

गॅलरीत बसते ते खरं आहे. तिथून गेट दिसतं. कोण येणार आहे म्हणून बघते, ते मला विचारू नका.

डॉक्टर म्हणतात चाला. एकटीनं चालायला लागले की हात कुठं ठेवायचे कळत नाही. मागं वजन नसलं की सायकल खड्ड्यात उडते ना, तसं वाटतं.

पोथीला येणाऱ्या बायका सगळ्या माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना विचारून बघा, त्यांचं काही अडतं का.

पुष्पा


तिसगाव,
आश्विन वद्य द्वादशी

प्रिय पुष्पावतीस,

तुझे पत्र वाचले. गाडी चालू झाली नव्हती. तुझे म्हणणे बरोबर आहे.

फ्रीव्हील तू सांगितल्याप्रमाणे डिझेलमध्ये ठेवले. गहिनीनाथ ग्रीसचा डबा घेऊन आलाच होता. बाईंचा निरोप आहे म्हटल्यावर त्याने तो फळीवर ठेवला आणि म्हणाला की मी बी तेच म्हणत हुतो. परवा सकाळी ज्योती आणि मी पुन्हा निघालो. तो चढ सायकलने सहज घेतला. उतारावर कुत्री अशी टिकटिकत होती की ऐकत राहावे. शीव मागे पडली, मढीच्या कमानीपर्यंत जाऊन आलो. कुठे खडखड नाही, कुठे डुलणे नाही. गहिनीनाथचे काम निर्दोष झाले आहे, असे मी त्याच्या तोंडावर सांगितले आणि तो प्रथमच गप्प बसला.

परतताना ज्योतीने विचारले, कशी हाय बाबा सायकल? मी म्हणालो, उत्तम. ती पायडल मारता मारता म्हणाली, “मग तुमी मागं हाय का न्हाई तेच कळंना. बाई चालवायच्या तवा शाळंपर्यंत तुमचं बोलणं ऐकू यायचं.”

मला तिच्याशी बोलण्यासारखे काही सुचले नव्हते, हे खरे. रस्ता तोच, वारा तोच, सायकल पूर्वीहून चांगली. आणि मी केव्हा उतरायला मिळेल याची वाट पाहत होतो. दोन महिने मी या सायकलीसाठी तुला बोलावीत होतो. ती पूर्ण झाली तेव्हा मला तिचे काही कारण उरले नाही.

त्या संध्याकाळी पोथी उघडण्यापूर्वी मी देवळात सांगितले की मला पुण्यास जावयाचे आहे, केव्हा परत येईन सांगता येत नाही, आणि हा क्रम खंडित होतो याचे मला दुःख आहे. मला वाटले होते, कुणी डोळे पुसतील. रंगुबाई वाती वळीत होती. तिने वर न पाहता विचारले, “बाईकडं जायचंय न्हवं? मग हितं काय बसलाव?” बाकीच्या बायका म्हणाल्या, ज्योतीला वाचता येतंय. ज्योतीला पुढे बसवले. मी मागे खांबाशी बसून ऐकले. तिचे उच्चार दोन-चार ठिकाणी डळमळले. ते श्रोत्यांपैकी कुणाच्या लक्षात आले नाही, आणि मारुतीनेही काही म्हटले नाही. अध्याय संपला तेव्हा प्रसादाला नेहमीइतकीच गर्दी होती.

तेव्हा मी येत आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भिमाजीचा टेम्पो कांदा घेऊन पुण्याच्या बाजारात निघेल. मी पुढे त्याच्या शेजारी बसेन. तो करंजीच्या घाटापासून केडगावपर्यंत माझी चेष्टा करील, त्याची मी तयारी ठेवली आहे. सायकल मागे पोत्यांवर आडवी बांधून आणतो. तू ती चालवावीस अशी माझी अपेक्षा नाही. मी मनात असे योजले आहे की रोज सकाळी तू तिचे हँडल धरून पायी चालावेस. काठीपेक्षा ती टेकायला भक्कम आहे, हात कुठे ठेवायचे हा प्रश्न राहत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटेल की बाईंच्या सायकलचे चाक पंक्चर झाले आहे. रोज कसे काय पंक्चर होते, असे कुणी विचारले तर त्याला मी उत्तर देईन. मी मागून चालत असेन.

आणि पडण्याविषयी. तुला उचलण्याचे बळ माझ्यात नाही; ते तरुणपणीही नव्हते, म्हणून तर मी मागे बसत होतो. पण तिथे हाक मारायची तर अमृतला मारता येईल. मुलाने आईला उचलले तर त्यात तुझ्या मानाला धक्का लागत नाही, असे माझे मत आहे. त्याला शास्त्राचा आधार शोधावा लागला तर शोधीन.

घराची किल्ली ज्योतीकडे देतो. तुळशीला पाणी तीच घालील.

एक काम मात्र तुला करावयाचे आहे. देव्हारा मी बरोबर आणीत आहे. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, सर्व देव कापसात गुंडाळून माझ्या मांडीवर येतील. देव एकदा हलवले की पुन्हा पुन्हा हलवू नयेत. म्हणून गॅलरीतून थोडी उठ, घरभर हिंडून त्या घराची पूर्वेची भिंत कोणती ते स्वतः पाहा, आणि अश्विनीला सांगून ती मोकळी करवून घे.

वैजनाथ